पडीक माळाची मोजदाद

पुण्याहून सोलापूरच्या बाजूस जाणारी आगगाडी लोणी आणि उरुळी ही स्टेशने मागे टाकून पुढे निघाली म्हणजे डब्यातील बहुतेक उतारू खिडकीतून मान आत घेतात. खंडाळ्याच्या घाटासारखी येथे दरी नाही, धबधबा नाही, गर्द झाडी नाही. यवतचे स्टेशन येते आणि जाते. डाव्या अंगाला मुळामुठेच्या काठचा उसाचा हिरवा पट्टा, उजव्या अंगाला दूरवर भुलेश्वराचा डोंगर, आणि मधूनमधून खुरट्या बाभळी व बोराटीची झुडपे मिरविणारा, वर्षातील आठ महिने पिवळा दिसणारा माळ, एवढेच काय ते दृश्य. सरकारी दप्तराला अशा जमिनीसाठी एक सोयीचा शब्द सापडलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘पडीक’.

परंतु पडीक हे त्या जमिनीचे वर्णन आहे, की तिच्याकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीचे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. हा मुलूख पूर्वी भीमथडी या नावाने ओळखला जाई आणि भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. काटक अंगाची आणि थोड्या दाणावैरणीवर मजल मारणारी ती जनावरे ज्या गवतावर पोसली, ते गवत याच माळांचे. ज्या भूमीने एका राज्याच्या घोडदळाला पाठीवर घेतले, ती निरुपयोगी कशी म्हणावी? आणि घोड्यांची गोष्ट बाजूला ठेवली, तरी या भूमीवर राहणाऱ्या जीवजातींची मोजदाद दोनशे वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलेली आहे. तिचा इतिहास यवतच्या परिसरातील विद्यार्थ्यांनी तरी जाणून घ्यावा अशा योग्यतेचा आहे.

पेशवाईचा अंत झाल्यावर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना नव्याने हाती आलेल्या दक्षिणेची साद्यंत माहिती हवी होती. त्यांनी १८२४ साली विल्यम हेन्री साईक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची या कामावर नेमणूक केली. साईक्स यांचा जन्म १७९० चा. लहान वयातच ते कंपनीच्या फौजेत दाखल झाले होते आणि खडकीच्या लढाईत त्यांनी देशी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व केले होते. तलवार म्यान करून त्यांनी हाती वही घेतली, ती गावांची लोकसंख्या, पिके, पाऊस, वजनेमापे आणि करभार यांची नोंद करण्यासाठी. पण गावोगाव फिरताना त्यांची नजर केवळ माणसांवर आणि महसुलावर थांबली नाही. झाडावरचा पक्षी, माळावरचा लांडगा, कोळ्याच्या जाळ्यातला मासा यांचीही ते त्याच शिस्तीने नोंद करू लागले. १८२९ साली त्यांची ही जागाच सरकारने मोडली. तरीही त्यांनी आपले काम टाकले नाही. ते पुरे करूनच १८३१ साली ते मायदेशी परतले.

त्या वह्यांतून जे बाहेर पडले त्याने युरोपातील विद्वान चकित झाले. १८३१ आणि १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे साईक्स यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची व पक्ष्यांची यादी मांडली. तीतील छप्पन्न पक्षी शास्त्राला सर्वस्वी नवे होते. तळ्याकाठी मान आखडून बसणारा, कोणत्याही खेड्यातील मुलाच्या ओळखीचा वंचक अथवा ढोकरी नावाचा बगळा घ्या. त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते याच यादीत. मोठा सातभाई याच यादीतला, आणि मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांचे नाव त्याला जोडलेले. एका रातव्याला साईक्स यांनी ‘महरत्तेन्सिस’, म्हणजे मराठ्यांच्या देशचा, असे विशेषण लावले व ते आजतागायत कायम आहे.

चौपायांचीही तीच कथा. हिंदुस्थानातील लांडग्याला १८३१ साली स्वतंत्र शास्त्रीय नाव दिले ते साईक्स यांनीच. ज्याला आज सर्वत्र चिंकारा म्हणतात, त्या सडपातळ हरणाचे पहिले शास्त्रीय वर्णनही त्याच वर्षीचे, त्यांचेच आणि दख्खनमधलेच. त्याचे मराठी नाव त्यांनी टिपून ठेवले आहे. काळ्या शेपटीवरून लोक त्याला काळशिपी म्हणत. खोकडाचे वर्णन करताना तर त्यांनी मराठी नावच लॅटिन पोशाखात उभे केले. नदीतील माशांच्या बाबतीत हा प्रकार अधिकच ठळकपणे दिसतो. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मत्स्यसूचीत खुद्री, कोळस, नकटा, शिंगटी अशी नावे जशीच्या तशी शास्त्रात शिरली आहेत. मुळामुठा, भीमा, इंद्रायणी यांच्या काठची, आणि शिरूरजवळच्या घोड नदीच्याही काठची ही बोली जगातील ग्रंथालयांत जाऊन बसली. यावरून एक गोष्ट उघड होते. साहेबांच्या हाती लेखणी होती, पण ज्ञान भोयांचे, कोळ्यांचे, धनगरांचे आणि पारध्यांचे होते. यादीवर त्यांचे नाव नाही. त्यांचे शब्द मात्र तीत आहेत.

एवढ्यावरच ही गोष्ट संपली असती तर साईक्स यांची यादी म्हणजे एक जुने कौतुक होऊन राहिली असती. यादीचे खरे मोल दुसरी यादी झाल्यावर कळते. एका यादीवरून काय होते ते समजते. दोन याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे काय गेले आणि काय आले ते समजते. दुर्दैवाने ही दुसरी यादी होण्यास फार काळ लागला. १८८३ साली मुंबईत आठ गृहस्थांनी निसर्गेतिहासाची संस्था स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे एतद्देशीय होते. त्या संस्थेच्या नियतकालिकात १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवर लेख लिहिला आणि १९४४ साली सूटर यांनी त्यात भर घातली. म्हणजे साईक्स यांच्या सूचीनंतर मध्ये एक शतक उलटले होते. पुढे १९६३ साली टोणपी आणि मुल्हेरकर यांनी पुण्याच्या गोड्या पाण्यातील माशांची पुन्हा नोंद केली.

त्यानंतरची मजल पुण्याच्या महाविद्यालयांतील मंडळींनी मारली. २००३ साली दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक वाघ आणि घाटे यांचा, मुळा व मुठा या नद्यांतील माशांवरचा; दुसरा खरात, डहाणूकर, राऊत व महाबळेश्वरकर यांचा, पुणे जिल्ह्यातील माशांत दीर्घ काळात पडलेल्या फरकावरचा. त्यांचे मुख्य साधन महागडे यंत्र नव्हते. जुन्या याद्या, नदीकाठची पायपीट, कोळ्यांची जाळी आणि बाजारातील टोपली ही ती साधने होत. जुन्या याद्यांतील कित्येक मासे शहराजवळच्या पात्रात आता सापडत नाहीत, आणि ज्यांचे नावही साईक्स यांच्या कानी गेले नव्हते असे तिलापियासारखे परदेशी मासे तेथे घर करून बसले आहेत, असे त्यांतून दिसून आले. नदीत घाण वाढली, मासे कमी झाले, हे तर काठावरचा प्रत्येक म्हातारा सांगत होता. परंतु म्हाताऱ्याच्या उसाशाला कचेरीत पुरावा मानीत नाहीत. साईक्स, फ्रेझर, टोणपी आणि त्यांच्यामागून आलेले हे अभ्यासक यांच्या याद्या एका ओळीत मांडल्या गेल्या, तेव्हा तो उसासा साक्ष झाला.

यवतकरांनी ही पुण्याची गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पुणे शहराचे सांडपाणी वाहून नेणारी मुळामुठा यवतच्या उत्तरेकडूनच भीमेला मिळावयास जाते. वरच्या पात्रात जे हरवले, ते खालच्या पात्रात आहे की नाही, हे पाहण्याचे काम खालच्या गावांचेच आहे.

नदीची मोजदाद निदान पुन्हा झाली. माळाचे नशीब तितके चांगले नाही. साईक्स फिरत होते त्याच काळात शेजारच्या अहमदनगर मुलखात मॅन्सफील्ड नावाच्या साहेबाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. एका बंदुकीला वीस वर्षे पुरून उरावेत इतके ते पक्षी या पठारावर होते, हा त्या आकड्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ पुढील इतिहासाने लिहिला. १९७९ साली सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी अभयारण्य करावे लागले. आणि आज महाराष्ट्रात तो पक्षी जवळजवळ नाहीसाच झालेला आहे. तणमोराची अवस्था याहून फारशी बरी नाही. शिकार हे या नाशाचे एक कारण खरे, परंतु एकमेव नव्हे. शिकार बंद झाल्यावरही पक्षी परतले नाहीत, कारण परतण्याजोगा माळ उरला नव्हता. कोठे तो नांगरला गेला, कोठे त्यावर कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. आणि कोठे, हे अधिक विलक्षण होय, सुधारणा म्हणून त्यावर परदेशी झाडे लावण्यात आली. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे. परंतु जेथे गवत हाच हजारो वर्षांचा रहिवासी आहे, तेथे खड्डे खणून गिरिपुष्प उभे केले, तर चंडोलाने अंडी कोठे घालावी? ‘पडीक’ या एका शब्दात हे सारे अनर्थ सामावलेले आहेत. जेथे काही नाही असे एकदा ठरले, तेथे काहीही करण्यास मोकळीक मिळते.

यवतपासून फार दूर नसलेल्या सुपे येथे १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांहून थोडेसेच अधिक. साईक्स यांची काळशिपी तेथे आजही उड्या मारताना दिसते, आणि त्याच रानात मेंढरांच्या कळपामागून लांडगाही फिरतो. ज्या हरणाला या पठारानेच शास्त्रीय जन्म दिला, त्याला या पठारावर कायद्याने राखलेली एवढीशी जागा मिळावी, आणि शेजारच्या गावांतील मुलांना त्याचे मराठी नावही ठाऊक नसावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

वेळीच नोंद झाली नाही म्हणजे काय होते, आणि नोंद होऊनही तिच्याकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याचे उदाहरण गाजरगवताने दिले आहे. १९५१ साली पुण्यात उकिरड्यावर या परदेशी तणाची काही तुरळक रोपे आढळली, आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी त्यावर शास्त्रीय टिपण प्रसिद्ध केले. त्या वेळी ती रोपे चार हातांनी उपटता आली असती. पुढे हेच गवत रस्त्यांच्या कडांनी, रुळांच्या बाजूंनी आणि शेतांच्या बांधांवरून देशभर पसरले. जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत, माणसांच्या अंगाला त्याने खाज सुटते, आणि चाऱ्याच्या गवताची जागा ते बळकावून बसते. उकिरड्यावरचे एक अनोळखी रोप ओळखणारा डोळा गावोगाव असता, तर काय झाले असते, याचा विचार करण्यासारखा आहे. असा डोळा शाळेत तयार होतो.

जैवविविधता हा शब्द १९८० नंतर रूढ झालेला, पण त्यातील आशय नवा नाही. एखाद्या ठिकाणी किती प्रकारचे जीव नांदतात आणि ते एकमेकांवर कसे अवलंबून असतात, याचे ज्ञान म्हणजेच हा विषय. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरणाचे शिक्षण देण्याचा आदेश दिला. २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून आपल्या हद्दीतील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंदवही ठेवावी, असे ठरले. या नोंदवहीची कल्पना ज्यांनी रुजविली, त्यांत पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे प्रमुख होत. कायदा होण्यापूर्वीच त्यांनी महाविद्यालयांतील शिक्षक, विद्यार्थी आणि गावकरी यांना बरोबर घेऊन अशा नोंदी करून पाहिल्या होत्या. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयाने तर जैवविविधता हा एम.एस्सी.च्या अभ्यासाचा स्वतंत्र विषय केला आहे.

कायदे आणि आदेश झाले, तरी त्यांचा कागद होण्यास वेळ लागत नाही. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्यांचा पर्यावरण प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेली वाघसिंहांची चित्रे वहीत डकविणे, एवढाच उरतो. ज्याच्या घरामागच्या माळावर खोकड राहतो, तो मुलगा आफ्रिकेतील सिंहावर पाच गुण मिळवितो. गावाच्या नोंदवहीचीही गत अनेकदा अशीच होते. शेजारच्या गावाची यादी उतरवून घेतली की काम संपते. अशा उतरविलेल्या यादीहून यादी नसणे बरे. कारण ती पुढच्या शोधकालाही फसवील.

खऱ्या मोजदादीस यवतइतके सोयीचे गाव शोधूनही सापडणार नाही. दक्षिणेस भुलेश्वराचा डोंगर, त्याच्या उतारावर आणि पायथ्याशी माळ, त्याखाली मुठेच्या कालव्यावर भिजणारी बागाईत, आणि उत्तरेस नदीचे पात्र: असे जीवसृष्टीचे चार निवास एका दिवसाच्या चालीत येतात. पिंपळगावच्या शिवारातील माटोबाचा तलाव हा पाचवा. १८७६ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तो बांधावयास घेतला गेला. भुकेल्या माणसांनी डोक्यावर माती वाहून जे पाणी अडविले, त्यावर आज थंडीच्या दिवसांत पाणपक्षी उतरतात. उसाच्या फडाने तर आणखी एक नवल केले आहे. जुन्नर, शिरूर आणि दौंड या भागांत बिबळ्या आता उसातच राहतो व उसातच पिले वाढवितो. पाटाच्या पाण्याने माणसाचे पीक बदलले, तसा श्वापदाचा संसारही बदलला.

या पाचही ठिकाणी विद्यार्थ्यांनी करावयाचे काम अगदी साधे आहे. हातभर लांबीच्या चार काठ्यांची चौकट माळावर ठेवावी आणि तिच्या आत किती प्रकारची गवते आहेत ते मोजावे. पवन्या किती, मारवेल किती, कुसळी किती, आणि गाजरगवताने किती जागा खाल्ली, हे आकड्यांत लिहावे. अशा दहा चौकटी डोंगराच्या उतारावर, दहा चराईच्या रानात, दहा बांधावर. ठरलेल्या वाटेने ठरलेल्या वेळी सकाळी चालत जावे आणि दोन्ही अंगांस दिसलेले पक्षी टिपावेत. तेच काम पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात करावे, आणि पुढल्या वर्षीच्या वर्गाने ते पुन्हा करावे. प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ, जागा आणि पाहणाऱ्याचे नाव असावे. दिसले नाही ते दिसले असे लिहू नये. ओळखता आले नाही तर चित्र काढून ‘अनोळखी’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. साईक्स यांना जे जीव अनोळखी वाटले, तेच पुढे त्यांच्या कीर्तीला कारण झाले.

पण केवळ चौकट आणि चालणे पुरेसे नाही. ज्यांच्या शब्दांनी साईक्स यांची यादी समृद्ध झाली, त्या माणसांकडे विद्यार्थ्यांनी पुन्हा गेले पाहिजे. मेंढरे चारणाऱ्या धनगराला कोणते गवत कोणत्या महिन्यात जनावराला मानवते, हे ठाऊक असते. भोयाला कोणता मासा कोणत्या पुरात वर चढतो, हे ठाऊक असते. घरातील आजीला कोणती रानभाजी आखाडात उगवते आणि ती कशी शिजवावी, हे ठाऊक असते. ही विद्या वहीत नाही. माणसागणिक ती संपत चालली आहे. ती टिपताना सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे. दोनशे वर्षांपूर्वी जी चूक झाली, ती पुन्हा होऊ नये.

अशा कामाने चिंकारा वाढेल किंवा नदी शुद्ध होईल, असे कोणी समजू नये. मोजणारा विद्यार्थी काही वाचवीत नाही. तो फक्त पाहतो आणि लिहून ठेवतो. परंतु उद्या एखाद्या माळावर कारखाना यावयाचा ठरला, किंवा त्यावर झाडे लावून त्याची सुधारणा करण्याचे घाटले, आणि ग्रामसभेत कोणी विचारले की या जागेत आहे तरी काय, तर ‘काही नाही’ आणि ‘बत्तीस प्रकारचे गवत, अमुक पक्षी, अमुक प्राणी’ या दोन उत्तरांत फार अंतर आहे. पहिले उत्तर दिले की प्रश्न तेथेच मिटतो. दुसऱ्याने निदान सभेला थांबून विचार करावा लागतो. लोकशाहीत एवढेही थोडे नव्हे.

साईक्स यांची वही महसुलासाठी उघडली गेली होती. तिच्यात जे पशुपक्षी शिरले, ते एका माणसाच्या जिज्ञासेमुळे. त्या जिज्ञासेचा वारसा लंडनच्या ग्रंथालयांनी सांभाळला. ज्या माळावर ती जागी झाली, त्या माळाच्या लेकरांनी तो अद्याप पुरता उचललेला नाही. यवतच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थ्यांनी यंदाच्या पावसाळ्यात, गवत फुलोऱ्यावर आले असता, पहिली चौकट माळावर ठेवली आणि दरवर्षी ती ठेवण्याचा परिपाठ पाडला, तर त्यांच्या नातवंडांना आपल्या गावाविषयी कोणा परक्याचा ग्रंथ उघडावा लागणार नाही.